विनिपेगमध्ये एक शनिवार-रविवार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडातल्या मराठी घरांमध्ये सहलीचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. भारतातून आई-बाबा आले की आधी नायगारा, मग ओटावा आणि क्यूबेक, आणि रजा व पैसे दोन्ही शिल्लक असतील तर बॅन्फ. या क्रमात मॅनिटोबा प्रांताची राजधानी असलेल्या विनिपेगचे नाव येत नाही. टोरांटो ते व्हँकुव्हर उडताना खाली दिसणारी सपाट जमीन एवढीच बहुतेकांची त्याच्याशी ओळख असते. आम्ही तेथे एकदा जुलैत आणि एकदा फेब्रुवारीत जाऊन आलो. त्यानंतर नातेवाईक, शेजारी आणि मित्रमंडळींनी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

विनिपेगमध्ये पाहण्यासारखे आहे तरी काय?

हा प्रश्न बहुधा भुवया उंचावूनच विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. १९११ साली विनिपेग हे माँट्रियल आणि टोरांटोनंतरचे कॅनडातील तिसऱ्या क्रमांकाचे शहर होते. पश्चिमेच्या गवताळ पठारावर पिकणारा गहू पूर्वेकडे जाताना आणि पूर्वेकडचा सगळा माल पश्चिमेकडे जाताना याच शहरातून जात असे, आणि त्या व्यापारावर बँका, गोदामे, धान्यबाजार व रेल्वे स्थानके अशा इमारती येथे उभ्या राहिल्या की लोक या शहराला उत्तरेचे शिकागो म्हणू लागले. १९१४ मध्ये पनामा कालवा सुरू झाला, पश्चिम किनाऱ्यावर माल जहाजाने पोचवणे स्वस्त पडू लागले, त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि शहराची वाढ एकाएकी मंदावली. जुने पाडून नवे बांधण्याइतका पैसा पुढची कित्येक दशके कोणाच्या हाती आला नाही. टोरांटोने जे पाडून टाकले ते विनिपेगमध्ये तसेच उभे राहिले, आणि आज ते दोन-चार रस्त्यांच्या अंतरात पायी हिंडून पाहता येते. शहराला जे नुकसान झाले तेच पाहुण्याच्या पथ्यावर पडले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याखेरीज दोन नद्यांचा संगम, फ्रेंच भाषिकांची एक जुनी वस्ती, एक राष्ट्रीय संग्रहालय आणि उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट या मूलनिवासी लोकांच्या शिल्पांचा अतिशय मोठा संग्रह आहे. डोंगर आणि समुद्र मात्र नाहीत. निसर्गदृश्यांसाठीच सहल काढायची असेल तर येथे येऊ नये.

दोन दिवस पुरतात का? ते कसे वाटून घ्यावेत?

पुरतात, पण शुक्रवारी रात्रीच पोचावे. शनिवारी सकाळी संगमावरचा फोर्क्स परिसर आणि मानवाधिकार संग्रहालय पाहावे, दुपारनंतर एक्स्चेंज डिस्ट्रिक्ट या जुन्या व्यापारी इमारतींच्या भागात हिंडावे. रविवारी सकाळी पूल ओलांडून सेंट बॉनिफेस या फ्रेंच वस्तीत जावे, परतताना विधानभवन पाहावे, आणि विमान रात्रीचे असेल तर मधल्या वेळात मॅनिटोबा म्युझियम किंवा कलादालन यांपैकी एकच निवडावे. दोन्ही संग्रहालये एका दुपारी उरकण्याचा प्रयत्न आम्ही पहिल्या फेरीत केला. त्यातून पाय दुखणे आणि दोन्ही अर्धवट पाहिल्याची चुटपुट याशिवाय काही हाती लागले नाही.

कोणत्या महिन्यात जावे? थंडी सोसवते का?

जून ते सप्टेंबर हा सोयीचा काळ आहे. जुलैत दिवसाचे तापमान २५ अंशांच्या आसपास असते आणि जूनच्या अखेरीस सूर्य रात्री साडेनऊनंतर मावळतो, त्यामुळे एका दिवसात दीड दिवसाचे फिरणे होते. डास मात्र या काळात भरपूर असतात, विशेषतः नदीकाठी आणि संध्याकाळी. मलम बरोबर ठेवावे. ऑगस्टमध्ये १९७० पासून भरणारा फोकलोरामा हा दोन आठवड्यांचा उत्सव असतो, ज्यात शहरातील निरनिराळे समाज आपापल्या सभागृहांत आपले जेवण, नृत्य आणि वस्तू मांडतात. भारताचाही मांडव त्यात असतो, पण इतक्या दूर जाऊन आपण युक्रेनियन किंवा फिलिपिनो मांडवात बसावे असे आम्ही सुचवू.

हिवाळ्याबद्दल खरे तेच सांगायला हवे. जानेवारीत दिवस-रात्र मिळून सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १६ अंश असते, आणि वारा सुटला की ते उणे ३० सारखे झोंबते. येथे उभ्या असलेल्या मोटारींच्या पुढच्या जाळीतून विजेची एक वायर आणि तिच्या टोकाला पिन लोंबताना दिसते. रात्री ती खांबावरच्या सॉकेटमध्ये लावून इंजिन गरम ठेवावे लागते, नाहीतर सकाळी गाडी सुरू होत नाही. भाड्याची गाडी घेतलीत तर ही वायर कुठे लावायची हे चावी घेतानाच विचारून घ्यावे. आम्ही विचारले नव्हते. रविवारी सकाळचा दीड तास मदतीची वाट पाहण्यात गेला.

असे असूनही फेब्रुवारीची फेरी आम्हाला अधिक आवडली. नद्या गोठल्यावर फोर्क्सपाशी बर्फाचा पृष्ठभाग साफ करून स्केटिंगची वाट तयार केली जाते. तिचे नाव नेस्टावेया. क्री या मूलनिवासी भाषेतील या शब्दाचा अर्थ तीन टोके असा आहे. तिची लांबी त्या-त्या वर्षीच्या थंडीवर ठरते. वाटेत वास्तुरचनाकारांनी बांधलेल्या लहान लहान खोपट्या असतात, ज्यांत वाऱ्यापासून आडोसा मिळतो. स्केटिंग येत नसेल तर बाजूने चालताही येते. पायाखाली नदी आहे ही जाणीव पहिली दहा मिनिटे पाठ सोडत नाही. याच महिन्यात सेंट बॉनिफेसमध्ये फेस्टिव्हल द्यू व्हॉयाजर भरतो, बर्फाची शिल्पे कोरली जातात आणि मेपलचा गरम पाक स्वच्छ बर्फावर ओतून काडीवर गुंडाळून देतात. आपल्या जत्रेतल्या काडीवरच्या चिकीचा हा थंड देशातला भाऊ म्हणता येईल.

पोचायचे कसे? गाडी भाड्याने घ्यावी लागते का?

टोरांटोहून विमानाने सुमारे अडीच तास आणि कॅल्गरीहून सुमारे दोन तास लागतात. विनिपेगचे घड्याळ टोरांटोच्या एक तास मागे असल्याने जाताना एक तास पदरात पडतो आणि येताना तो परत द्यावा लागतो. टोरांटोहून मोटारीने यायचे म्हटले तर अंतर २,००० किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे दोन दिवस केवळ ऑन्टारिओ संपवण्यात जातात. शनिवार-रविवारसाठी त्या भानगडीत पडू नये. अमेरिकेतल्या मिनिआपोलिसहून मात्र सात-आठ तासांत मोटारीने येता येते. तेथून येणाऱ्या भारतीय पारपत्रधारकांपैकी ग्रीन कार्ड असलेल्यांना कॅनडाचा प्रवासी व्हिसा लागत नाही, एच-१बीवर असलेल्यांना लागतो; तो आधीच काढून ठेवावा.

टोरांटो ते व्हँकुव्हर धावणारी व्हिया रेलची गाडीही येथे थांबते, परंतु ती रोज नसते, तिला टोरांटोहून येथवर यायला दीड दिवस लागतो, आणि मालगाड्यांना वाट देताना ती सहज काही तास मागे पडते. तुम्ही विमानाने आलात तरीही १९११ चे युनियन स्टेशन आत जाऊन पाहावे. न्यू यॉर्कच्या ग्रँड सेंट्रलवर काम केलेल्या वॉरेन आणि वेटमोर यांच्या संस्थेने ते रचले. तेथे घुमटाखाली उभे राहून आजूबाजूला पाहिले की एवढ्या मोठ्या स्थानकातून गर्दी कुठे गेली, हा प्रश्न मनात येतोच.

मध्यवर्ती भागात मुक्काम असेल तर दोन दिवसांत गाडीची फारशी गरज पडत नाही. विमानतळ शहराला लागूनच आहे आणि बस मिळते. जुन्या प्रवासवर्णनांतले बसचे क्रमांक मात्र धरून चालू नये, कारण २०२५ च्या जूनअखेर शहराने बसमार्गांची संपूर्ण फेररचना केली. त्याच सुमारास पोर्टेज आणि मेन हा शहरातला सर्वांत प्रसिद्ध चौक पादचाऱ्यांसाठी पुन्हा खुला झाला. १९७९ पासून तेथे काँक्रीटचे कठडे होते आणि पलीकडे जायला जमिनीखालच्या भुयारी मार्गात उतरावे लागे, ज्यात नवखा माणूस हमखास चुकीच्या कोपऱ्यावर वर येई.

राहावे कुठे?

फोर्क्सपासून एक्स्चेंज डिस्ट्रिक्टपर्यंतच्या पट्ट्यात. पैसे खर्च करायची तयारी असेल तर १९१३ चे फोर्ट गॅरी हॉटेल आहे. नसेल तर त्याच्या आसपास साखळी हॉटेले पुष्कळ आहेत. विमानतळाजवळचे स्वस्त हॉटेल टाळावे, वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

फोर्क्स म्हणजे नेमके काय?

रेड आणि असिनिबोइन या दोन नद्यांचा संगम. मूलनिवासी लोक येथे सुमारे ६,००० वर्षांपासून भेटत, मासे पकडत आणि देवघेव करत आले आहेत. त्यानंतर फरचे व्यापारी आले, मग रेल्वेचे यार्ड झाले, आणि रेल्वे गेल्यावर आजचे सार्वजनिक ठिकाण तयार झाले. आतल्या बाजाराची इमारत म्हणजे रेल्वे कंपन्यांचे एकमेकांशेजारचे दोन जुने तबेले जोडून केलेली जागा आहे. वरच्या मजल्यावरून खाली पाहिले तर दोन्ही तबेल्यांच्या विटांच्या भिंती आणि त्यांच्यामधली काचेची जोडणी सरळ दिसते.

रेड नदी उत्तरेकडे वाहते, आणि हे केवळ भूगोलाच्या पेपरापुरते महत्त्वाचे नाही. वसंतात दक्षिणेकडचे बर्फ आधी वितळते, उत्तरेकडचे पात्र तेव्हा अजून गोठलेले असते, मधल्या सपाट जमिनीवर पाण्याला जायला जागा नसते, आणि शहर पाण्याखाली जाते. १९५० च्या पुरात सुमारे एक लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डफ रॉब्लिन यांनी शहराला वळसा घालून जाणारा ४७ किलोमीटर लांबीचा पूरकालवा खणवला. काम चालू असताना लोकांनी त्याला डफची चरी म्हणून हिणवले. कालवा १९६८ मध्ये पुरा झाला आणि १९९७ च्या महापुरात त्याने शहर वाचवले. टिंगलीचे नाव आजही चालते, फक्त ते आता कौतुकाने घेतले जाते.

मानवाधिकार संग्रहालय लहान मुलांना आणि ज्येष्ठांना झेपेल का? किती वेळ ठेवावा?

किमान तीन तास. तुमच्या खिशात कॅनडाची उभी छापलेली दहा डॉलरची नोट असेल तर ती काढून पाहा: पुढे वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या व्हायोला डेसमंड आहेत आणि मागे ही इमारत आहे. कॅनेडियन म्युझियम फॉर ह्यूमन राइट्स २०१४ मध्ये उघडले. राजधानीच्या परिसराबाहेर बांधलेले हे देशातील पहिले राष्ट्रीय संग्रहालय आहे. वास्तुरचनाकार अँटोइन प्रेडॉक यांनी पाहुण्याला आधी जमिनीलगतच्या अंधाऱ्या दालनात उतरवले आणि मग आतून उजळलेल्या अलाबास्टर दगडाच्या उतारांवरून वळणे घेत काचेच्या मनोऱ्यापर्यंत नेले आहे. उतार सौम्य आहेत, लिफ्ट आहे, चाकाची खुर्ची जाते. गुडघे दुखणाऱ्यांनी लिफ्टने वर जाऊन उतरत यावे.

आशय जड आहे. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या निवासी शाळा, ज्यूंचे शिरकाण, युक्रेनमधला दुष्काळ यांची दालने दहा-बारा वर्षांखालील मुलांना दाखवण्याआधी आई-वडिलांनी स्वतः डोकावून यावे. बाहेर पडल्यावर जवळच महात्मा गांधींचा पुतळा दिसतो. भारतातून आलेले पाहुणे तेथे फोटो काढतातच. काढावा, पण आतले पाहून झाल्यावर.

नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे का?

आहे, आणि उत्तम आहे. मात्र संग्रहालयातून बाहेर पडून पेला तोंडाला लावताना हे पाणी कुठून येते ते माहीत असावे. मॅनिटोबा आणि ऑन्टारिओच्या सीमेवरील शोल लेक या तळ्यातून १५० किलोमीटरहून लांब जलवाहिनीने ते १९१९ पासून केवळ गुरुत्वाकर्षणाच्या जोरावर शहरात येते. ही वाहिनी बांधताना शोल लेक ४० या मूलनिवासी समाजाची जमीन घेतली गेली आणि त्यांची वस्ती कालव्याने तोडली जाऊन कृत्रिम बेटावर अडकली. पक्का रस्ता नाही, त्यामुळे शुद्धीकरण प्रकल्प बांधणे परवडत नाही, अशा कोंडीत ज्यांच्या तळ्याचे पाणी शहर पीत होते त्यांनाच १९९७ पासून दोन दशकांहून अधिक काळ पाणी उकळून प्यावे लागले. फ्रीडम रोड नावाचा रस्ता २०१९ मध्ये झाला आणि शुद्ध पाणी २०२१ मध्ये मिळाले. मानवाधिकारांचे संग्रहालय ज्या शहरात आहे त्याच शहरातली ही गोष्ट असल्याने तिच्याकडे काणाडोळा करून दुसऱ्या दालनाकडे वळणे आम्हाला जमले नाही.

एक्स्चेंज डिस्ट्रिक्टमध्ये नुसत्या जुन्या इमारतीच आहेत ना? तेथे करायचे काय?

मान वर करून चालायचे. तीसेक गल्ल्यांचा हा भाग १९९७ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि त्याचे नाव धान्यबाजारावरून, म्हणजे १८८७ मध्ये स्थापन झालेल्या ग्रेन एक्स्चेंजवरून पडले आहे. मेन स्ट्रीटवरची १९०४ ची युनियन बँकेची इमारत पाहावी, जी कॅनडाच्या सर्वांत जुन्या गगनचुंबी इमारतींत गणली जाते. आता तेथे स्वयंपाक आणि हॉटेल व्यवसाय शिकवणारी संस्था आहे आणि बँकेच्या जागी पातेल्यांचा खणखणाट आहे. थोडे पुढे कॉन्फेडरेशन लाइफची १९१२ ची पांढऱ्या टेराकोटाची इमारत रस्त्याच्या वळणाबरोबर स्वतःही वळलेली आहे.

पण खरी मजा मेन स्ट्रीटपेक्षा आतल्या गल्ल्यांत आहे. गोदामांच्या उघड्या बाजूंवर शंभर वर्षांपूर्वी रंगवलेल्या जाहिराती अजून टिकून आहेत: चहा, बी-बियाणे, कपडे, शेतीची अवजारे. रंग विटांच्या आत इतका मुरला आहे की कोरड्या उन्हात अक्षरे जेमतेम ओळखू येतात आणि पावसाची सर येऊन भिंत भिजली की ती एकदम वर येतात. काही ठिकाणी एका जाहिरातीवर दुसरी रंगवलेली असल्याने दोन दुकानांची नावे एकमेकांत मिसळून तिसराच शब्द तयार झालेला दिसतो. आम्हाला जुलैतल्या पावसाने अर्धा तास एका दाराच्या कमानीखाली अडकवले होते, म्हणून हे पाहायला मिळाले. या गल्ल्यांमध्ये जुन्या न्यू यॉर्कचे किंवा शिकागोचे दृश्य हवे असणारे चित्रपटवाले वारंवार येतात. एखाद्या सकाळी रस्ता बंद असेल आणि कडेला १९३० सालच्या मोटारी उभ्या असतील तर गोंधळून जाऊ नये.

मेन स्ट्रीटवर एका बाजूला कललेली लोखंडी ट्राम दिसते, तिच्यापाशी थांबावे. १९१९ च्या १५ मे रोजी या शहरात सार्वत्रिक संप सुरू झाला. मालकांनी संघटनांशी एकत्रित वाटाघाटी कराव्यात आणि पगार वाढवावेत या मागण्यांसाठी सुमारे ३०,००० कामगारांनी काम थांबवले; टेलिफोन चालवणाऱ्या मुली त्यात सर्वांत आधी उतरल्या. २१ जूनला जमावाने एक ट्राम हलवून तिरकी केली व पेटवली, घोडेस्वार पोलिसांनी गोळीबार केला, दोन माणसे मेली आणि काही दिवसांत संप मागे घेतला गेला. त्या दिवसाला रक्तरंजित शनिवार म्हणतात. हे शिल्प संपाच्या शताब्दीला, २०१९ मध्ये, बसवले गेले. समोरच्या फुटपाथवरून पाहिले तर ती ट्राम डांबरात रुतत चालली आहे असे वाटते.

सेंट बॉनिफेसला जाण्याइतके तेथे काही आहे का?

आमच्या दृष्टीने हा या सहलीचा गाभा आहे, आणि रविवारची सकाळ त्याच्यासाठी राखून ठेवावी. फोर्क्सपासून एस्प्लनाड रिएल या केवळ पादचाऱ्यांसाठीच्या पुलावरून दहा-पंधरा मिनिटांत रेड नदीच्या पलीकडे पोचता येते. पलीकडे पाट्या फ्रेंचमध्ये दिसू लागतात आणि बेकरीत आधी बाँझूर म्हणतात.

समोर कॅथीड्रलची दगडी दर्शनी भिंत उभी आहे, पण मध्ये जी गोल खिडकी असायला हवी तेथे नुसते आकाश आहे. १९०८ चे हे चर्च १९६८ मध्ये जळाले. वास्तुरचनाकार एत्येन गाबुरी यांनी ते पुन्हा होते तसे बांधायचे टाळले आणि उरलेल्या भिंतीच्या मागे, जुन्या भिंतींच्या कुशीत, १९७२ मध्ये लहान नवे चर्च उभारले. त्यामुळे दारातून आत गेल्यावर आपण आधी छप्पर नसलेल्या मोकळ्या अंगणात येतो आणि मग चर्चमध्ये.

बाहेरच्या दफनभूमीत लुई रिएल यांची समाधी आहे. मूलनिवासी माता आणि युरोपीय पिते यांच्या वंशातून घडलेल्या मेटी समाजाचे हे पुढारी. कॅनडाने या लोकांना न विचारता त्यांची भूमी विकत घेतली तेव्हा १८६९-७० मध्ये रिएल यांनी हंगामी सरकार स्थापले, त्या वाटाघाटींतून १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत जन्मला, आणि ज्यांनी तो जन्माला घातला त्यांना परागंदा व्हावे लागले. १८८५ च्या दुसऱ्या उठावानंतर त्यांना रेजायनात फाशी देण्यात आले. समाधीच्या दगडावर चरित्र नाही, पराक्रम नाही, फक्त रिएल हे नाव आणि १६ नोव्हेंबर १८८५ ही तारीख फ्रेंचमध्ये कोरली आहे. ज्यांना देशद्रोही म्हणून फासावर दिले त्यांना २०२३ मध्ये मॅनिटोबाने कायदा करून आपल्या पहिल्या प्रीमियरचा मानाचा किताब दिला.

त्यांचे दोन पुतळे पाहण्यासारखे आहेत आणि दोन्ही पाहिल्याशिवाय त्यांतला वाद कळत नाही. पहिला विधानभवनाच्या आवारात होता: नग्न, पिळवटलेला, वेदनेने ताठरलेला माणूस. मेटी समाजातील अनेकांना तो आपल्या नेत्याचा अपमान वाटला, बरीच वर्षे वाद झाला, आणि अखेर तो सेंट बॉनिफेसच्या विद्यापीठाच्या आवारात हलवला गेला. त्याच्या जागी १९९६ मध्ये कोट घातलेला, हातात कागदाची गुंडाळी धरलेला, भारदस्त राज्यकर्ता उभा राहिला. आम्हाला स्वतःला पहिला अधिक खरा वाटला. पण ज्यांचा तो पूर्वज आहे त्यांच्या मतापुढे आमच्या आवडीला किंमत देऊ नये.

पाऊस किंवा कडाका असेल तर काय करावे?

मॅनिटोबा म्युझियममध्ये नॉनसच नावाचे लाकडी जहाज पाहावे. ही १६६८ मध्ये लंडनहून हडसन उपसागराकडे फर आणायला निघालेल्या जहाजाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे, धक्क्यावर ओहोटीच्या वेळी टेकलेले असावे तशी ती एका मोठ्या दालनात उभी आहे, आणि तिच्यावर चढता येते. डांबर, दोरखंड आणि लाकूड यांचा वास दारातच येतो. तिची खेप यशस्वी झाली म्हणून राजा दुसरा चार्ल्स याने १६७० मध्ये हडसन्स बे कंपनीला सनद दिली आणि कॅनडाचा प्रचंड भूभाग तिच्या हवाली केला.

मराठी वाचकाला १६६८ हे साल दुसऱ्याही कारणाने ओळखीचे असावे. याच राजाने पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नात आंदण मिळालेले मुंबई बेट त्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीला सालीना १० पौंडांच्या भाड्याने देऊन टाकले. एकाच राजाच्या दोन वर्षांच्या अंतराने केलेल्या दोन सह्या, आणि दोन्हींखालच्या जमिनीवर आधीपासून माणसे राहत होती. हडसन्स बे कंपनीचे १९२६ चे विनिपेगमधले सहा मजली दुकान बंद पडल्यावर २०२२ मध्ये ते दक्षिण मॅनिटोबातील मूलनिवासी समाजांच्या संघटनेकडे सोपवले गेले, आणि त्या समारंभात मोबदला म्हणून प्राण्यांची कातडी देण्यात आली. फरच्या धंद्याचा हिशोब फरनेच मिटवला.

दुसरा पर्याय म्हणजे विनिपेग आर्ट गॅलरीला जोडून २०२१ मध्ये उघडलेले कौमायुक. इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेत याचा अर्थ उजळलेले आहे असा होतो. आत शिरताच तीन मजली उंच, वळणदार काचेची एक तिजोरी समोर येते आणि तिच्या फडताळांवर हजारो इनुइट शिल्पे दाटीने मांडलेली दिसतात: अस्वले, सील, पाठीवर मूल घेतलेल्या बायका. संग्रहालये सहसा तळघरात दडवतात तो साठा येथे रस्त्यावरूनही दिसतो.

विधानभवनात सामान्य पाहुण्याला आत जाता येते का?

येते, आणि विनामूल्य. घुमटावर सोन्याचा मुलामा दिलेला गोल्डन बॉय हा पुतळा आहे आणि आत जिन्याच्या दोन्ही बाजूंना काशाचे दोन गवे आहेत. आमची सूचना मात्र भिंतीजवळ जाण्याची आहे. ही इमारत टिंडल स्टोन या शहराच्या ईशान्येला निघणाऱ्या चुनखडीची आहे. फिकट पिवळ्या दगडावर तपकिरी नक्षी दिसते, ती कोणी काढलेली नाही. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी येथे उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळातल्या प्राण्यांनी पोखरलेल्या बिळांचे ते ठसे आहेत. नीट शोधले तर शंखाच्या वेटोळ्यासारखे आणि प्रवाळाचे जीवाश्म सापडतात. आमच्या दहा वर्षांच्या मुलीने अर्ध्या तासात अकरा मोजले आणि राज्यकारभाराविषयीची माहिती ऐकायला साफ नकार दिला.

शाकाहारी माणसाची सोय होते का?

होते, विचारण्याची लाज बाळगली नाही तर. युक्रेनमधून आलेल्या शेतकऱ्यांनी येथे पिरोगी आणली: करंजीच्या आकाराची, बटाटा आणि चीजचे सारण भरून उकडलेली, मग लोण्यात परतलेली, वर तळलेला कांदा आणि आंबट साय. कांद्यात बेकनचे तुकडे मिसळण्याची पद्धत असल्याने ते वगळायला आधीच सांगावे. अंडे चालत नसेल तर पारीत आहे का तेही विचारावे. बॅनक हा मूलनिवासी स्वयंपाकातला जाड पाव दिसायला निर्दोष असतो, पण पुष्कळदा चरबीत केलेला असतो. एलिस आणि सार्जंट या रस्त्यांच्या भागात इथिओपियन खानावळी आहेत. तेथली डाळी-भाज्यांची मिश्र थाळी आंबोळीसारख्या आंबवलेल्या, जाळीदार इंजेरावर येते, आणि ताक नाही एवढी एकच उणीव राहते. मासे खाणाऱ्यांनी मॅनिटोबाच्या तळ्यातला पिकरेल सोडू नये.

शहर सुरक्षित आहे का?

दिवसा निर्धास्त हिंडावे. अंधार पडल्यावर मध्यवर्ती भागातले काही रस्ते ओस पडतात, बेघर आणि व्यसनात अडकलेली माणसे दिसतात, तेव्हा इतर कोणत्याही शहरात घ्याल तेवढी काळजी घ्यावी. कॅनडातील शहरांपैकी मूलनिवासींची सर्वाधिक लोकसंख्या विनिपेगमध्ये आहे. हॉटेलच्या स्वागतकक्षात किंवा टॅक्सीत त्यांच्याविषयी शेरेबाजी ऐकू आली तर तिला सल्ला समजू नये.

याच फेरीत चर्चिलची ध्रुवीय अस्वले पाहता येतील का?

नाही. चर्चिल याच प्रांतात असले तरी तेथे रस्ता जात नाही; विनिपेगहून आगगाडीने दोन दिवस लागतात, विमान महाग आहे, आणि अस्वलांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असतो. त्यासाठी निराळी रजा काढावी लागेल. मुलांचा हट्टच असेल तर असिनिबोइन पार्कमधील प्राणिसंग्रहालयात काचेच्या बोगद्यात उभे राहावे, डोक्यावरून अस्वले पोहत जातात आणि त्यांच्या पंजांचे काळे तळवे काचेवर टेकलेले दिसतात. याच उद्यानात एका सैनिकाचा आणि अस्वलाच्या पिल्लाचा पुतळा आहे. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युद्धावर निघालेले लेफ्टनंट हॅरी कोलबर्न यांनी ऑन्टारिओतल्या एका स्थानकावर ते पिल्लू २० डॉलरला विकत घेतले, आपल्या शहरावरून त्याचे नाव विनी ठेवले आणि पुढे ते लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सोडले. जगभरच्या मुलांना ठाऊक असलेल्या विनी द पूला हे नाव तेथून मिळाले. उद्यानातून विमानतळ जवळ आहे. रविवारी संध्याकाळी सामान घेऊनच यावे, म्हणजे परत शहरात जावे लागत नाही.